मोडकी होडी आणि प्रयोगवही



एक रुपयाचे नाणे घ्या आणि घरातल्या भिंतीवर टकटक करीत हळूहळू पुढे सरका. बहुतेक ठिकाणी कोरडा, भरीव आवाज येईल. एखाद्या जागी मात्र आवाज बदलेल आणि भिंत पोकळ असल्यासारखी बोलेल. तेथे गिलावा विटांपासून सुटलेला असतो. डोळ्यांना काही दिसत नाही, पण कानाला कळते. व्हिएन्नाचे वैद्य लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये रोग्याच्या छातीवर बोटांनी ठोकून आतला आजार ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. ते एका खानावळवाल्याचे चिरंजीव होते. पिंपात किती पेय उरले आहे हे पिंपावर ठोकून कळते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते, असे सांगतात.

याच रीतीने आम्ही तीन वर्षांपूर्वी एका होडीची तपासणी केली. त्या होडीविषयी आणि तिच्या निमित्ताने माझ्या मनात घोळत असलेल्या एका तक्रारीविषयी मला तुमच्याशी व तुमच्या शिक्षकांशी बोलायचे आहे.

आमच्या गावाजवळ धरणाचा मोठा जलाशय आहे. तेथे शिडाच्या होड्यांच्या शर्यती होतात. तेथल्या मंडळाने एक जुनी होडी बाद करून शेडमागे पालथी टाकली होती. होडी 'एंटरप्राइज' वर्गाची. जॅक होल्ट या इंग्रज आराखडाकाराने १९५६ मध्ये हा वर्ग निर्माण केला. लांबी ४.०४ मीटर, दोन खलाशी, निळी शिडे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांतील नौकाशर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, तेव्हा हा वर्गही त्यांत होता. (त्या शर्यतींत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, ते मात्र 'फायरबॉल' या दुसऱ्या वर्गात.) आमची होडी फायबरग्लासची होती. तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, वितभर भोक पडलेले, तळ पायाखाली दबणारा आणि डोलकाठीवर पांढरी पूड जमलेली. "जाळून टाकू, जागा मोकळी होईल," असे ठरले होते. मी आणि अकरावीची सहा मुले-मुली तेथे पोचलो नसतो, तर ती जळलीही असती.

फायबरग्लास जाळणे ही वाईट गोष्ट आहे. धूर विषारी असतो आणि काच जळत नाही. तिच्या टोचऱ्या तंतूंचा ढीग मागे उरतो. या पदार्थाचे मोठे दुखणेच हे आहे. पॉलिथिनची बादली फुटली तर ती वितळवून दुसरी वस्तू करता येते. फायबरग्लासमधले रेझिन एकदा घट्ट झाले, की त्यातील रेणूंच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जखडल्या जातात. मग ते वितळत नाही. लाकडासारखे कुजतही नाही. म्हणून जगभरच्या किनाऱ्यांवर अशा बाद होड्या पडून आहेत आणि त्यांचे काय करावे हा प्रश्न नीटसा सुटलेला नाही. अशा वस्तूचे आयुष्य दुरुस्तीने वीस वर्षे वाढवणे हा माझ्या मते उत्तम उपाय आहे.

आता या पदार्थाची गंमत पाहा. काच ठिसूळ, रेझिन मऊ. मग दोघांची मिळून बळकट होडी कशी होते? १९२१ मध्ये ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज संशोधकाने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काचेची दांडी जितकी बारीक ओढावी, तितका तिचा दर चौरस मिलिमीटरमागे सोसण्याचा ताण वाढतो, असे त्याला आढळले. काच तुटते ती तिच्यावरील सूक्ष्म चिरांमुळे. तंतू बारीक केला की त्यात मोठी चीर मावतच नाही! असे तंतू रेझिनमध्ये बसवले, की ताण तंतू सोसतात आणि रेझिन त्यांना जागच्या जागी धरून ठेवते. एक तंतू तुटला तरी त्याचा भार शेजारच्यांवर वाटला जातो. १९४० च्या दशकात या पदार्थाच्या होड्या बनू लागल्या आणि फळ्यांच्या फटीत कापूस ठासणाऱ्या कारागिरांचे काम हळूहळू कमी झाले.

शर्यतीच्या होडीत आणखी एक युक्ती असते. तळ नुसत्या फायबरग्लासचा केला तर जड होतो, म्हणून दोन पातळ थरांमध्ये हलक्या फोमचा गाभा घालतात. पट्टी आडवी धरून वाकवा, मग उभी धरून वाकवून पाहा. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो; जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट! पण यासाठी गाभा आणि थर एकमेकांना घट्ट चिकटलेले हवेत. तुमची दोनशे पानी वही वाकवा, सहज वाकेल, कारण पाने एकमेकांवरून सरकतात. तीच पाने खळीने चिकटवली तर वहीची फळी होईल. आमच्या होडीचा तळ म्हणजे खळ सुटलेली वही होती. कुणीतरी पूर्वी एक कडी बसवताना तळाला स्क्रूची भोके पाडली आणि ती बुजवली नाहीत. तेथून पाणी आत शिरले आणि थर सुटत गेले.

किती पाणी? आम्ही होडी तोलायचे ठरवले. एवढ्या वजनाचा काटा महाविद्यालयात नव्हता. शेवटी भंगारवाल्याने आपला लटकता काटा दिला. होडी भंगारात येणार असे त्याने धरले होते, तरीही दिला! सांगाड्याचे वजन भरले १११ किलो. या वर्गाचे किमान वजन सुमारे ९४ किलो. तळाला जागोजागी भोके पाडून, शेडमध्ये उलटी ठेवून आम्ही दर रविवारी वजन घेऊ लागलो. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत पहिल्या तीन आठवड्यांत सात किलो घटले, पुढच्या तीन आठवड्यांत तीन, मग दोन, आणि संक्रांतीनंतर काटा ९९ वर थांबला. एका मुलीने त्याचा आलेख काढला. तो पाहून ती म्हणाली, "सर, हा तर गरम पाणी निवण्याच्या आलेखासारखा दिसतो." तिला हे कुणी शिकवले नव्हते. उरलेल्या पाण्याच्या प्रमाणात पाणी बाहेर पडते, उरलेल्या तापमानफरकाच्या प्रमाणात उष्णता बाहेर पडते. दोन्हींचे गणित जवळजवळ एकच.

येथे मी माझी तक्रार मांडतो. आमच्या प्रयोगशाळेत दर वर्षी शेकडो विद्यार्थी लंबकाने गुरुत्वत्वरण काढतात. उत्तर ९.८ येणार हे सर्वांना आधीच ठाऊक असते. ते ९.३ आले तर विद्यार्थी काय करतो? उत्तरावरून मागे मागे जात वाचने दुरुस्त करतो. हसू नका, मीही एफ. वाय. ला असताना हेच केले होते, आणि परीक्षकांनी माझ्या वहीवर छान शेरा मारला होता. दोष विद्यार्थ्यांचा नाही. ज्याचे उत्तर छापलेले आहे, तो प्रयोग मापनाची गरज शिकवीत नाही. होडीत किती पाणी आहे याचे उत्तर कोणत्याही पुस्तकाच्या शेवटी नव्हते. म्हणून कुणी वाचने बनवली नाहीत. बनवून उपयोगच नव्हता; ओला गाभा बंद केला असता तर होडी पुन्हा कुजली असती.

नाळेच्या भोकाची गोष्ट तर याहून बोधप्रद आहे. आम्हांला वाटले, भोकावर मॅटचा तुकडा ठेवायचा, रेझिन ओतायचे, झाले. मदतीला कोकणातले एक कारागीर आले होते. मासेमारीच्या फायबर होड्या दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. ते म्हणाले, "सर, आधी भोक मोठं करा." मुले चकित झाली. त्यांनी भोकाच्या कडा घासून बशीसारखा उतार करायला लावला. जाडीच्या बारापट लांब उतार. तीन मिलिमीटर जाडीला ३६ मिलिमीटर. का, असे विचारल्यावर म्हणाले, "बारापटच धरतो. कमी केलं की निघतं."

का निघते ते आम्ही फळ्यावर काढले. असा मॅटचा थर तुटताना दर चौरस मिलिमीटरला साधारण १०० न्यूटन ताण सोसतो. एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी घ्या. तिचा छेद १० गुणिले ३, म्हणजे ३० चौरस मिलिमीटर; ती ३००० न्यूटन बल सोसेल. आता नवा तुकडा जुन्याला नुसता टोकाला टोक लावून जोडला, तर हे सारे बल त्या ३० चौरस मिलिमीटरच्या सांध्यावर येते. चिकटवलेल्या सांध्याला ते झेपत नाही. उतार ३६ मिलिमीटर केला, की चिकटलेले क्षेत्रफळ ३६० चौरस मिलिमीटर होते आणि ताण दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८.३ न्यूटनवर येतो. चांगल्या सांध्याच्या आवाक्यातली ही गोष्ट आहे. ३००० भागिले ३६० हा भागाकार आठवीच्या विद्यार्थ्याला येतो. पण बारापटीचा नियम ज्यांच्या हातात होता, ते शाळेत चौथीपर्यंतच गेले होते. आणि ज्यांना भागाकार येत होता, त्या आम्हांला भोक मोठे करायचे सुचले नव्हते. या दोन ज्ञानांची गाठ आपल्या शाळांत पडत नाही, हे मला फार खटकते.

(जुन्या, घट्ट झालेल्या थराला नवे पॉलिएस्टर रेझिन मनापासून चिकटत नाही, इपॉक्सी अधिक चांगले धरते. आमच्यापाशी पैसे असते तर तेच वापरले असते.)

पुढची चूक सर्वस्वी माझी. एप्रिलची दुपार, काम लवकर उरकावे म्हणून मी अर्धा लिटर रेझिन एकदम प्लॅस्टिकच्या मगात कालवले. कारागीर जेवायला गेले होते. पाच-सात मिनिटांत मग हाताला चटका देऊ लागला, रेझिन थरथरीत जेलीसारखे झाले आणि मग त्यातून धूर निघू लागला. मी मग शेडबाहेर वाळूत फेकला. मग मऊ होऊन एका बाजूला बसला होता. रेझिन घट्ट होताना उष्णता बाहेर पडते. तेच रेझिन होडीवर पातळ पसरले असते, तर उष्णता मोठ्या पृष्ठभागावरून निघून गेली असती. मगात आकारमान मोठे, पृष्ठभाग लहान. उष्णता आत कोंडते, तापमान वाढते, त्यामुळे अभिक्रिया आणखी वेगाने होते, आणि आणखी उष्णता निर्माण होते. अठरा वर्षे मी वर्गात पृष्ठफळ आणि घनफळ यांचे गुणोत्तर शिकवीत होतो!

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रेझिनचे काम शाळकरी मुलांनी स्वतः करायचे नाही. त्यात घालायचे कॅटलिस्ट डोळ्यांत उडाले तर दृष्टी जाऊ शकते. कोबाल्टचे द्रावण आणि कॅटलिस्ट थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होऊ शकतो. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसांना घातक असते. मुखपट्टी, चष्मा आणि हातमोजे यांवाचून जवळसुद्धा उभे राहू नये. आमच्याकडे हे काम कारागिरांनी केले आणि मुलांनी तोलणे, मोजणे, ठोकून पाहणे, नोंदी ठेवणे ही कामे केली. त्यांच्या वाट्याला कमी महत्त्वाचे काम आले असे मला वाटत नाही.

भोक बुजल्यावर होडी पुन्हा तोलली आणि आमची तोंडे उतरली. १०४ किलो! पाच किलो वाढले होते. नाळ मजबूत व्हावी म्हणून आम्ही आग्रहाने जास्तीचे थर लावायला सांगितले होते आणि वर रेझिन सढळ हाताने चोपडले होते. कारागीर आधीच म्हणाले होते, "सर, रेझिननं होडी बळकट होत नाही, जड होते. बळ मॅटचं." खरेच आहे. तंतूंभोवती जेवढे लागते त्याहून अधिक रेझिन म्हणजे नुसता भार.

आणि तो भारही कोठे, तर टोकाला. होडी लाटेवर चढते-उतरते तेव्हा ती आपल्या मध्याभोवती झुलत असते. दोन किलो वजन मध्यापासून अर्ध्या मीटरवर ठेवले, तर त्याचे जडत्व-आघूर्ण २ गुणिले ०.५ चा वर्ग, म्हणजे ०.५. तेच नाळेपाशी दोन मीटरवर ठेवले, तर २ गुणिले ४, म्हणजे ८. सोळापट! अशी होडी लाटेवर उशिरा डोके वर काढते आणि लाटेत घुसत राहते. म्हणूनच १९५२ ते २०२० या ऑलिंपिक स्पर्धांत असलेल्या 'फिन' वर्गाच्या होड्या शर्यतीपूर्वी टांगून झुलवून पाहिल्या जातात. झिलबेर लांबोले या फ्रेंच मोजणीदाराच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. किती वजन आहे एवढेच नव्हे, तर ते कोठे आहे, हे त्यावरून कळते.

मुलांनी हट्ट धरला, आपणही झुलवू. फिनसारखी टांगणी जमणे कठीण होते. मग आम्ही शेडच्या लोखंडी तुळईला दोन दोर बांधले, प्रत्येक दोन मीटर लांब, एकमेकांपासून दोन मीटरवर, आणि होडी समतोल राहील अशी टांगली. ती थोडी पिळून सोडली की आडव्या पातळीत डावी-उजवीकडे फिरत राहते. या द्विसूत्री लंबकाचे सूत्र अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला सहज काढता येते. दोरांमधले अंतर व लांबी ठाऊक असली, की आंदोलनकाळावरून परिभ्रमण त्रिज्या मिळते. वजन सूत्रात येतच नाही. वीस आंदोलनांना लागले ६२.४ सेकंद. म्हणजे एकास ३.१२ सेकंद आणि त्रिज्या १.१० मीटर. त्यानंतर दोन रविवार नाळेवरचे जास्तीचे थर घासून काढले. वजन १०१ वर आले. होडी पुन्हा समतोल टांगली, वीस आंदोलने मोजली: ६०.८ सेकंद. तीन किलो गेले होते एकूण वजनाच्या तीन टक्क्यांहून कमी, पण घड्याळाला ते कळले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. लंबकाच्या प्रयोगाला टाळ्या पडलेल्या मी तरी प्रथमच पाहिल्या.

डोलकाठीचे थोडक्यात सांगतो. ती ॲल्युमिनियमची, तिच्यावरचे रिव्हेट पोलादाचे. दोन भिन्न धातू आणि मध्ये ओल, म्हणजे घटच तयार झाला! त्यात ॲल्युमिनियम झिजते. पांढरी पूड ती हीच. गोड्या पाण्यात हे सावकाश होते, समुद्रात झपाट्याने. मध्ये नायलॉनच्या चकत्या घातल्या.

आता आक्षेप. एक सहकारी म्हणाले, "हे अभ्यासक्रमात नाही." खरे आहे. पण ताण, जडत्व-आघूर्ण, आंदोलन, उष्णता, विद्युत्घट यांतले काय अभ्यासक्रमाबाहेरचे आहे, ते मला अजून कळलेले नाही. दुसरे म्हणाले, "एवढ्या श्रमांत नवी होडी आली असती." हाही आक्षेप खोटा नाही. आमच्या श्रमांची मजुरी धरली तर दुरुस्ती स्वस्त पडली नाही, आणि तळ याहून अधिक सुटलेला असता तर मीही तिचा नाद सोडला असता. प्रत्येक मोडकी वस्तू वाचवावी असे माझे म्हणणे नाही. वाचवायची की टाकायची हे ठरवण्यापूर्वी ती नाण्याने ठोकून पाहावी, काट्यावर तोलावी, एवढेच म्हणणे आहे.

दुरुस्ती म्हणजे गरिबाची तडजोड, असा एक समज आपल्याकडे आहे. त्याला उत्तर म्हणून दोन होड्यांची नावे सांगतो. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती 'सुहेली' या मुंबईत बांधलेल्या सागवानी होडीतून. वाटेत पाणी शिरू लागले, तेव्हा त्यांनी स्वतः बुडी मारून फटी कापसाने बुजवल्या. त्या सफरीच्या स्मरणार्थ जी 'गोल्डन ग्लोब' शर्यत होते, तिच्यात नव्या धर्तीच्या होड्यांना मज्जाव आहे. आराखडा १९८८ पूर्वीचा हवा. २०२२ मध्ये निघालेल्या या शर्यतीत आपले अभिलाष टॉमी 'बायानात' नावाच्या फायबरग्लासच्या छत्तीस फुटी होडीतून उतरले आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसरे आले. वाऱ्यावर चालणारे सुकाणूयंत्र मोडत होते आणि ते होडीतल्याच वस्तू कापून त्याचे भाग बनवीत होते. भर दक्षिण महासागरात दुकान कोठले!

शिक्षकबंधूंना एक विनंती. तुमच्या गावात जलाशय नसेल, होडी नसेल, पण मोडका हातपंप असेल, सुटलेल्या गिलाव्याची भिंत असेल, शाळेचा डुगडुगणारा बाक असेल. वर्षातला एक प्रयोग अशा वस्तूवर करू द्या आणि त्याचे उत्तर तुम्हांलाही ठाऊक नसू द्या. उत्तर चुकले तर गुण कापू नका. वाचने बनवली तर कापा.

आमची होडी गेल्या पावसाळ्यानंतर पाण्यात उतरली. पहिल्या शर्यतीत अकरा होड्यांत नववी आली. तळ आता दबत नाही. नाणे वाजवले तर सर्वत्र भरीव आवाज येतो, फक्त डाव्या कडेला तळहाताएवढी एक जागा सोडून. तेथे आम्ही पेन्सिलीने वर्तुळ काढून तारीख लिहिली आहे. मधल्या फळीच्या खिळीपाशी अजून पाणी झिरपते. अर्ध्या तासात एक वाटी. मोजले आहे.